दर हिवाळ्यात कंटेनरच्या छतातून पाणी ठिबकतं: आधी ते पाणी मोजा

तक्रार नेहमी दोनच शब्दांत येते: छत गळतंय. कडाक्याची थंडी पडते, सकाळी कंटेनरचं दार उघडावं तर खोक्यांवर पाण्याचे डाग, पुठ्ठे मऊ पडलेले, अवजारांच्या पात्यांवर गंजाची पहिली केशरी झाक आणि नाकात कोंदट वास. पाऊस तर आठ दिवसांत पडलेला नसतो. मग शिडी लावून वर चढायचं, पत्र्याच्या जोडांवर सीलंट फासायचं, वरून ताडपत्री ओढायची. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच.

सलग दोन हिवाळे मी हेच केलं. माझ्याकडे जहाजावरच्या मालवाहतुकीचा २० फुटी पोलादी कंटेनर आहे, तो मी कोठीसारखा वापरतो. त्यात सुतारकामाचं लाकूड, अवजारं आणि घरात न मावणारी पुस्तकं असतात. दुसऱ्या वर्षी मी भिंतीवरचे छोटे व्हेंटही (हवेसाठीची भोकं) टेप लावून बंद केले, कारण दमट हवा तिथूनच आत शिरत असणार असं वाटलं. त्या हिवाळ्यात तीन पेट्या बुरशीने गेल्या. त्यातल्या एकीत वडिलांच्या हातच्या वह्या होत्या. त्या आता परत मिळायच्या नाहीत. दुसऱ्या कोणाची अशी पेटी वाचावी म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गळती की घाम?

कंटेनरच्या भिंतीचा पत्रा साधारण १.६ मिलिमीटर आणि छताचा २ मिलिमीटर जाडीचा असतो. बाहेर थंडी पडली की तो काही मिनिटांत थंड होतो. त्यातही आकाश निरभ्र असेल, तर छत आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतं. आतल्या हवेतलं बाष्प त्या गार पत्र्याला लागलं की तिथे दव धरतं, थेंब जमतात, पत्र्याच्या घड्यांवरून ओघळतात आणि खालच्या मालावर पडतात. माणसाला उन्हाने घाम फुटतो, कंटेनरला थंडीने.

तापमान शून्याखाली गेलं तर प्रकार आणखी फसवा होतो. थेंबांऐवजी छताला आतून हिमकणांचा पांढरा थर चढतो. चार-पाच रात्री तो वाढत राहतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मग एके दिवशी स्वच्छ ऊन पडतं, छत तापतं आणि साठलेलं सगळं पाणी तासाभरात खाली येतं. "ऊन पडलं आणि गळायला लागलं" असं कोणी सांगितलं तर ती बहुधा गळती नसते, हे मी आता ऐकताक्षणीच सांगतो.

दोन्हींतला फरक डोळ्यांनी ओळखता येतो. घाम सगळ्या छतावर सारखा पसरलेला असतो, थेंबांच्या रांगा पन्हळींच्या घड्यांनुसार लागतात, आणि तो निरभ्र, थंड रात्रीनंतर दिसतो. गळती एका जागी असते. तिथून गंजाची तपकिरी रेघ खाली उतरलेली असते आणि ती पाऊस पडल्यावर किंवा छतावरचा बर्फ वितळल्यावरच ओली होते. शंका उरलीच तर भर दुपारी आत उभं राहून दार लावून घ्यायचं, डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं द्यायची आणि वर बघायचं. जिथे भोक असेल तिथून सुईच्या टोकाएवढा उजेड दिसतो. हे करताना बाहेर एक माणूस उभा हवाच. कंटेनरच्या कड्या बाहेरून लागतात आणि आतून उघडता येत नाहीत, त्यामुळे एकट्याने हा प्रयोग कधीच करू नका.

भोक सापडलं तर तेवढं गंज खरवडून, प्रायमर मारून, पत्र्याचा तुकडा जोडून बुजवायचं. त्यात फार काही अवघड नाही. पण थंडीतली बहुतेक ठिबक ही घामाची असते, आणि घामावर सीलंटचा काहीही उपयोग होत नाही.

पाणी मोजा

माझा प्रश्न इथे सुटला. तिसऱ्या वर्षी मी छताखाली जागोजागी उथळ ट्रे मांडले आणि एका रात्रीचं पाणी मापाच्या भांड्यात ओतून पाहिलं. दीड लिटरच्या वर भरलं, आणि ट्रेबाहेर किती पडलं असेल ते वेगळंच.

आता हिशोब बघा. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर हवा मावते. २० अंश सेल्सिअसला आणि ७० टक्के आर्द्रतेला तेवढ्या हवेत सुमारे ४०० ग्रॅम बाष्प असतं. ती हवा ५ अंशांपर्यंत गार झाली तर त्यातलं पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी बाहेर पडेल, म्हणजे जेमतेम एक पेलाभर. तेही सगळं छतावर नाही, भिंतींवर आणि मालावर विभागून. कोरड्या मालाचा बंद कंटेनर यापेक्षा जास्त घाम काढूच शकत नाही, कारण हवेत तेवढं पाणीच नसतं.

म्हणजे माझं दीड लिटर हवेतून आलेलं नव्हतं. आत कुठेतरी पाण्याचा साठा होता. दिवसा तो हवेला बाष्प देत होता आणि रात्री छत ते गोळा करत होतं. दोन वर्षं मी छताकडे बघत बसलो होतो आणि कारण खाली पडलेलं होतं: भिंतीलगत रचलेलं लाकूड.

लाकूड हाताला कोरडं लागतं, पण उघड्यावर वाळवलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या १५ ते २० टक्के पाणी सहज असतं. २०० किलो लाकडातला ओलावा २० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आला की ८ लिटरहून जास्त पाणी हवेत गेलेलं असतं. नुकत्या तोडलेल्या सरपणाची तर गोष्टच वेगळी; त्याच्या वजनातला निम्मा भाग पाणी असू शकतो. ओले पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी), पावसात भिजून आलेले पुठ्ठे, धुऊन लगेच आत ठेवलेलं गवत कापायचं यंत्र, चिखलाची चाकं, ओली ताडपत्री घडी करून टाकलेली, हे सगळे त्याच जातीचे. म्हणून थंडी सुरू व्हायच्या आधी कोरड्या हवेचा एक दिवस निवडा, कंटेनर रिकामा करा आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही पूर्ण वाळलेली आहे का? लाकूड आणि सरपण तर माझ्या मते बंद कंटेनरमध्ये ठेवूच नये. त्याला वर छप्पर आणि बाजूंनी वारा हवा असतो. कंटेनर त्याला यातली एकच गोष्ट देतो.

दुसरा मोठा साठा जमिनीत असतो. कंटेनरची फरशी म्हणजे साधारण २८ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड, खाली आडव्या पोलादी तुळया आणि त्यांच्या खाली मोकळी जागा. कंटेनर सरळ मातीवर टेकलेला असेल आणि आजूबाजूचं पाणी त्याच्याखाली मुरत असेल, तर ते बाष्प प्लायवूडच्या कडांमधून वर येत राहतं. याची परीक्षा सोपी आहे. फरशीवर हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा पसरून चारही कडा टेपने चिकटवा आणि दोन दिवसांनी उचला. खालची बाजू ओलसर असेल तर पाणी खालून येतंय. वरची बाजू ओली आणि खालची कोरडी असेल तर फरशी निर्दोष आहे. खालून येत असेल तर कंटेनर चारही कोपऱ्यांवर उचलून घ्या, खाली खडी भरा, पाण्याला बाहेर काढणारा उतार द्या. खडीखाली जाड प्लास्टिक अंथरता आलं तर आणखी चांगलं.

तिसरं कारण माणसं स्वतः आत आणतात: हीटर. थंडी वाजते, दमट वाटतं, म्हणून केरोसीनचा किंवा गॅसचा हीटर लावला जातो. १ लिटर केरोसीन जळलं की जवळपास १ लिटर पाणी तयार होतं. १ किलो एलपीजीतून दीड किलोहून जास्त. हे सगळं बाष्प होऊन आतच राहतं आणि हीटर बंद होताच छतावर जाऊन बसतं. त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही आणि पोलादाच्या बंद पेटीत तो माणसाचा जीव घेतो. ज्योत असलेला कुठलाही हीटर, शेगडी किंवा जनरेटर कंटेनरच्या आत नको, दार किलकिलं ठेवूनही नको. ऊब हवीच असेल तर वीजेवर चालणारी घ्यावी.

उघडा ठेवायचा की बंद?

साठा हलवल्यावर उरतो तो पेलाभर घाम. त्याच्यासाठी दोन रस्ते आहेत, आणि लोक दोन्ही अर्धे-अर्धे धरतात तिथे चूक होते. एक तर हवा खेळती ठेवा, नाहीतर कंटेनर नीट बंद करून आतली हवा कोरडी करा. व्हेंट उघडे ठेवून ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगणं म्हणजे गळक्या मडक्यात पाणी भरणं. त्या पिशव्या बाहेरच्या जगाची हवा वाळवत बसतात आणि आठवडाभरात संपतात.

मालात थोडाफार ओलावा असणारच असेल किंवा दार वारंवार उघडावं लागत असेल तर हवा खेळती ठेवणंच बरं. कारखान्यातून येणारे भिंतीवरचे चिमुकले व्हेंट आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा एवढ्यासाठी असतात. त्यांच्याने हवा बदलत नाही. तरी ते बंद करू नका, मी केलेली चूक करू नका. खरा फरक पडतो तो जाळी आणि पावसाची टोपी असलेले मोठे लूव्हर (तिरक्या पट्ट्यांचे झरोके) बसवल्यावर: एक टोकाला खाली, दुसरा समोरच्या टोकाला वर, म्हणजे हवा तिरकी ओलांडून जाते. कापलेल्या पत्र्याच्या कडांना लगेच प्रायमर लावा. कंटेनर भाड्याचा असेल तर मालकाला विचारल्याशिवाय भोक पाडू नका. आणि पुढे कधी जहाजातून पाठवायचा असेल तर भिंत कापल्यावर त्याची पुन्हा तपासणी करून घ्यावी लागेल.

एक अपवाद ध्यानात ठेवा. आठवडाभर कडक थंडी पडून अचानक उबदार, दमट वारा सुटला, तर त्या दिवशी दारं उघडी टाकू नका. आतला माल अजून गारठलेला असतो. बाहेरची ओली हवा आत आली की दव छतावर न धरता थेट मालावर धरतं. अवजारांवर अचानक चढणारा गंज बहुतेक वेळा अशा एखाद्या "चला, आज ऊब आहे, वारा लागू दे" म्हणणाऱ्या दिवशीच आलेला असतो. जहाजांवर माल सांभाळणारे लोक यासाठी एक सोपा नियम वापरतात: बाहेरची हवा मालापेक्षा किमान ३ अंशांनी थंड असेल तरच वारा द्यायचा. थंड हवा आत येऊन तापते, ओलावा घेते आणि निघून जाते. हा नियम जमिनीवरच्या कंटेनरलाही तितकाच लागू पडतो. आत एक साधा तापमान-आर्द्रता दाखवणारा मीटर टांगून ठेवला की अंदाजाने काम करावं लागत नाही.

दुसरा रस्ता महिनोन्महिने न उघडणाऱ्या, कोरडा माल भरलेल्या कंटेनरचा. त्यात व्हेंट बंद, दाराचं रबर सुस्थितीत आणि आत कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या. हा क्षार स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी ओढतो. सिलिका जेल साधारण आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. पण कॅल्शियम क्लोराइड पाणी शोषून खारट द्रव होतं आणि तो द्रव पोलादाला खातो. पिशवी फाटली किंवा उलटली तर खालचं अवजार घामापेक्षा जास्त खराब होईल. तळाशी पाणी साठवणारी पिशवी घ्या, भिंतीच्या कड्यांना टांगा, मालाच्या बरोबर वर टांगू नका.

रस्ता कोणताही असो, माल भिंतीपासून चार-पाच बोटं लांब आणि फरशीपासून पॅलेटवर उचलून ठेवा. छताला भिडवू नका. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलेली वस्तू आतल्या आत सडते. पांघरूण घालायचंच असेल तर ते तंबूसारखं तिरकं ताणा, बाजू मोकळ्या सोडा. थेंब उतारावरून घरंगळून कडेला पडतील.

आतून अस्तर लावायचं असेल तर

पत्रा आणि आतली हवा यांची गाठच पडू दिली नाही तर घाम फुटणार नाही, हे खरं आहे. पण त्यासाठी अस्तर पत्र्याला पूर्ण चिकटलेलं हवं. फवारून लावायचा बंद पेशींचा पॉलियुरेथेन फोम हे काम चोख करतो, कारण तो पन्हळींच्या खाचांत शिरून मागे हवेला जागा ठेवत नाही. ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) लाकडी चौकटीत भरून वर प्लायवूड ठोकायचं, हा सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात जास्त फसणारा उपाय आहे. दमट हवा फटींमधून मागे जाते, गार पत्र्यावर पाणी होतं, ग्लासवूल भिजतो, आणि आता ते पाणी तुम्हाला दिसतही नाही. दोन-तीन वर्षांनी प्लायवूड काढल्यावर मागचा पत्रा सोललेला सापडतो. ग्लासवूलच वापरायचा असेल तर उबेच्या बाजूला, म्हणजे आतल्या अंगाला, बाष्परोधक प्लास्टिक एकसंध लावून प्रत्येक जोडावर टेप मारावी लागते. हातून तेवढी निगुती होणार नसेल तर पत्रा उघडा ठेवलेला बरा. दव शोषून धरणारा खास रंगही मिळतो. तो रात्रीचं पाणी धरून दिवसा सोडतो, म्हणून त्याला वारा लागतोच. पेलाभर घामाला तो पुरतो, दीड लिटरला नाही.

दार न उघडणं

थंडीतली दुसरी तक्रार दाराची. हिसका मारण्याआधी थांबा. दाराच्या कडेचं रबर चौकटीला गोठून चिकटलेलं असेल तर हिसक्याने ते फाटेल, आणि मग पुढच्या पावसात खरीखुरी गळती सुरू होईल. तळहाताने किंवा लाकडी ठोकळ्याने दाराच्या कडेवर ठोकत जा, बर्फाचा पापुद्रा तुटतो. गरम पाणी ओतू नका. ते खाचेत उतरून पुन्हा गोठतं आणि कुलपात गेलं तर दुसऱ्या दिवशी किल्लीसुद्धा फिरणार नाही. हे टाळायचं तर थंडीआधी रबर पुसून कोरडं करा आणि त्याला सिलिकॉन ग्रीस लावा. हे रबर सहसा ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं तर ते फुगून सैल पडतं. साधं ग्रीस बिजागऱ्यांना आणि लॉकिंग रॉड ज्या कड्यांत फिरतात तिथे. कुलपात ग्रॅफाइटची पूड.

रबर सुटलं तरी दार अडत असेल, तर दोन्ही दारांच्या वरच्या कडा एका रेषेत आहेत का ते लांबून बघा. एक कड वर, एक खाली दिसली तर दोष दाराचा नाही, कंटेनर तिरका झालाय. ओलसर बारीक माती गोठली की तिच्यात बर्फाचे थर तयार होतात आणि जमीन फुगते. एक कोपरा बोटभर वर उचलला गेला तरी पोलादी चौकट पिळवटते आणि रॉडची टोकं खाचेत बसत नाहीत. अशा वेळी दार घासून किंवा रॉड वाकवून काही साधत नाही. मातीतला बर्फ पूर्ण वितळल्यावर लेव्हल लावून बघा, खचलेला कोपरा जॅकने उचला आणि कोपऱ्याच्या ओतीव ठोकळ्याखाली पोलादी पट्टी सारा. कंटेनरचा भार या चार ठोकळ्यांनी पेलायचा असतो, मधल्या तुळयांनी नाही. मात्र खालची माती ओलीच राहिली तर पुढच्या थंडीत कोपरा पुन्हा हलेल, म्हणून खडी आणि निचरा इथेही लागतोच.

छतावर बर्फ साचू देऊ नका. कंटेनर कोपऱ्यांवर एकमेकांवर रचता येतात म्हणून छतही तेवढंच भक्कम, असा समज आहे. प्रमाणित चाचणीत छतावर ६० गुणिले ३० सेंटिमीटरच्या जागेत ३०० किलोचा भार घेतला जातो, म्हणजे काम करणारी दोन-तीन माणसं. ओला, दबलेला बर्फ घनमीटरला ३०० किलोच्या घरात जातो; २० फुटी छतावर त्याचा ३० सेंटिमीटरचा थर १३०० किलोंचा होतो. छताला पोचा पडला की पुढे तिथेच पाणी साचतं. बर्फ जमिनीवरूनच लांब दांड्याला लावलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने ओढा. लोखंडी फावड्याने रंग खरवडला जातो, आणि रंगाखालचं कॉर्टेन पोलाद (हवेत स्वतःवर संरक्षक थर धरणारं मिश्र पोलाद) गंजत नाही ही समजूत खरी नाही. ते ओलं होऊन पुन्हा वाळत राहिलं तरच त्यावर टिकाऊ थर धरतो. सतत ओल्या जागी ते साध्या पोलादासारखंच गंजतं. रंगाची डागडुजी थंडीआधीच उरका: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरू लागतं त्यापेक्षा) किमान ३ अंश वर असल्याशिवाय रंग मारू नका, नाहीतर तो न दिसणाऱ्या ओलीवर बसतो आणि पापुद्र्यासारखा निघतो.

हे सगळं केल्यावर पहिली निरभ्र, थंड रात्र आली की पुन्हा ट्रे मांडा. पाणी पेलाभराच्या आत आलं तर वारा किंवा पिशव्या बाकीचं बघून घेतील. माझ्याकडे लाकूड बाहेरच्या छपराखाली हलवल्यावर पहिल्या रात्री ट्रेच्या तळाशी जेमतेम ओल दिसली. पाणी अजून लिटरात येत असेल तर आत काहीतरी ओलं राहिलंय: आधी प्लास्टिकचा तुकडा फरशीवर पुन्हा चिकटवा, आणि तो कोरडा निघाला तर मागच्या भिंतीजवळची, न हलवलेली रास हलवा.